घंटीतला कापूस

कोर्टाच्या फाटकाशी, कडुलिंबाखाली माझं टेबल.
पानाला आठ आणे, कार्बनचे वेगळे.
त्रेसष्टचा मे. सकाळी नऊलाच
यंत्राच्या लोखंडाला हात लावता येत नव्हता.

पोलर्टसाहेब आले. मिलच्या रंगखात्यातले.
पोरं त्यांना पोलटसाहेब म्हणत,
आणि तेही त्याच नावाला ओ देत.
हातात जर्मनीहून आलेला फॉर्म :
छावणीतले अधिकारी. नाव, हुद्दा, उंची,
केसांचा रंग, प्रत्यक्ष काय पाहिलं.
खाली टीप : ऐकीव माहिती देऊ नये.

ते इंग्रजीत सांगत, अडलं की आमच्या बोलीत.
"उंच होता. लय नाही. तुमच्या त्या बेलिफाएवढा."
बेलिफ समोरच तर्री-पोहे खात होता.
तो उंच माणूस म्हणे कुत्र्याला अहो-जाहो करायचा
आणि आम्हाला अरे-तुरे.
हे मराठीत लगेच कळतं.
पण निवेदन इंग्रजीत होतं. राहून गेलं.

दुसऱ्याला कायम सर्दी.
नाक पुसून, रुमालाची चौकोनी घडी करून
तो खिशात ठेवेपर्यंत
रांगेनं बर्फात थांबायचं.
तेवढ्या वेळात शेजारचा खाली बसला. मग आडवा झाला.
रुमालाला हिरवा काठ होता.
"काठाचा रंग लिहू?"
"लिहा. नाव गेलं, काठ राहिला."

तिसरा कारकून.
त्यानं कधी कुणावर हात उगारला नाही.
खोलीत शेगडी, खिडकीत कुंडी, पुढ्यात यंत्र.
नावाचं स्पेलिंग विचारून घ्यायचा,
चुकलं तर माफी मागायचा.
ओळ संपली की घंटी,
आणि माणूस उजव्या दारानं जायचा
किंवा डाव्या.

इथं माझी ओळ संपली. टिंग.
साहेबांच्या हातातला पेला सांडला.

मी उठलो, सादिक अत्तरवाल्याकडून
कापसाचा फाया मागून आणला, घंटीत कोंबला.
पुढची चार पानं खसाच्या वासात झाली.

कैदी क्रमांक विचारला.
त्यांनी तो जर्मनमध्ये सांगितला, एका दमात.
"पुन्हा सांगा," मी म्हणालो,
मान वर न करता, पक्षकारांना म्हणतो तसंच.
खुर्ची सरकल्याचा आवाज आला.
साहेब उभे होते, सावलीच्या बाहेर,
एकशे पंधरा डिग्रीत, टाचा जुळवून,
हॅट काढून मांडीला लावलेली.
"बसा नं साहेब. बसा."
बसायला त्यांना बराच वेळ लागला.

शेवटचं कलम :
यांतलं कुणी आज दिसल्यास ओळखाल काय?
"चेहऱ्यानं नाही," ते म्हणाले.
"फाइल कशी बंद करतो त्यावरून."

मी त्याच सकाळी एक बंद केली होती.
नागनदीच्या काठची सतरा घरं,
जागा खाली करण्याची नोटीस,
सतरा नावं,
सगळ्यांची स्पेलिंगं बरोबर.
नाडी बांधताना मी काहीतरी गुणगुणतही असेन.
सवय होती.

पैसे नको म्हणालो. त्यांनी मोजून दिले,
पावती मागितली, घडी केली,
आणि घडी केलेली पाहून
पुन्हा उलगडली. तशीच खिशात कोंबली.

आता कोर्टात कॉम्प्युटर. यंत्र घरी, दिवाणाखाली.
मागच्या दिवाळीत नातू तो फाया ओढायला लागला,
मी ओरडलो. पोरगं रडलं. त्याला काय सांगणार?
खस तर त्याच महिन्यात उडून गेला होता.

पण मला तेव्हापासून ओळ कुठं संपते
ते ऐकू येत नाही.
कागद संपायचा, बोटं चालतच राहायची,
अक्षरं उघड्या रुळावर पडायची.
बॅटरी धरून पाहिलं तर
त्या काळ्या रबरावर अजून दिसतात
कितीतरी नावांची
शेवटची अक्षरं.